बाहेरच्या कॅमेऱ्यांसाठी केबल टाकताना: मार्ग, जोड आणि पाण्याचा बंदोबस्त

घराबाहेर बसवलेला कॅमेरा वर्ष-दोन वर्षांत अधूनमधून बंद पडू लागला, की पहिला संशय कॅमेऱ्यावरच जातो. तो बदलला जातो, काही महिन्यांनी नवाही तसाच वागू लागतो, आणि अखेर कोणीतरी शिडीवर चढून जोड उघडतो तेव्हा पिनांवर हिरवट थर चढलेला दिसतो. बाहेरच्या केबलिंगमधील बिघाड केबलच्या लांबीत क्वचितच होतात. ते तिच्या दोन टोकांशी आणि ती भिंतीतून जाते त्या भोकाशी होतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा पाणीच असते. कॅमेरा अर्ध्या तासात बदलता येतो, परंतु पाइपातून, भिंतीतून किंवा जमिनीखालून नेलेली केबल बदलायची म्हणजे सगळे काम मुळापासून पुन्हा करावे लागते. काटकसर करायचीच असेल, तर ती कॅमेऱ्यात करावी. केबलमध्ये करू नये.

मार्ग आधी ठरवावा

ड्रिल हातात घेण्यापूर्वी घराचा साधा आराखडा कागदावर काढावा, त्यावर कॅमेऱ्यांच्या जागा आणि रेकॉर्डर किंवा नेटवर्क स्विच (सर्व कॅमेऱ्यांच्या केबली जेथे एकत्र येतात ती पेटी) ठेवण्याची जागा दाखवावी, आणि प्रत्येक कॅमेऱ्यापासून त्या एका जागेपर्यंत स्वतंत्र केबल येईल असा मार्ग आखावा. वाटेत जोड देऊन एका केबलच्या दोन करणे किंवा तुकडे जोडून लांबी पूर्ण करणे टाळावे, कारण बाहेरचा प्रत्येक जोड ही पाणी शिरण्याची एक नवी जागा असते. मार्ग शक्यतो वळचणीखालून, छज्जाखालून किंवा घराच्या आतून न्यावा. भिंतीच्या उघड्या भागावरून जाणारा सरळ मार्ग लांबीला कमी भरतो, पण ऊन, पाऊस आणि चोराची कात्री या तिन्ही गोष्टी त्याच मार्गावर असतात.

लांबी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. एक दोरी प्रत्यक्ष मार्गावरून, सर्व कोपरे आणि चढ-उतार धरून फिरवावी, ती मोजावी, त्यात दहा-पंधरा टक्के भर घालावी आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी एक ते दोन मीटर केबल शिल्लक राहील असे पाहावे. इथरनेट केबलची कमाल लांबी, दोन्ही टोकांच्या लहान जोडकेबली धरून, १०० मीटर आहे. बहुतेक घरांत ही मर्यादा आड येत नाही. मात्र फाटक दूर असेल किंवा आवार मोठे असेल, तर हा आकडा सुरुवातीलाच तपासावा.

पुढे कधीतरी आणखी एक कॅमेरा लागणारच, असे गृहीत धरून अवघड मार्गावर एक जादा केबल त्याच वेळी ओढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

केबल कोणती घ्यावी

नव्याने काम करणाऱ्याने आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे कॅमेरे) आणि पीओई, म्हणजे ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, ही पद्धत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या पद्धतीत एकाच इथरनेट केबलमधून चित्रही जाते आणि वीजही, त्यामुळे कॅमेऱ्याजवळ प्लग, अडॅप्टर किंवा वेगळी वायर लागत नाही. कॅमेऱ्याला लागणारा वेग फार नसतो. बहुतेक कॅमेरे १०० मेगाबिटच्या जोडणीवरच चालतात, म्हणून कॅट ५ई या श्रेणीची इथरनेट केबल पुरेशी असते. कॅट ६ मध्ये तारा सहसा किंचित जाड असतात आणि पुढे तीच केबल दुसऱ्या कामाला वापरता येते, म्हणून किमतीत फार फरक नसेल तर ती घ्यावी. त्याहून वरच्या श्रेणीची केबल कॅमेऱ्यासाठी घेण्यात काही अर्थ नाही.

श्रेणीपेक्षा कितीतरी महत्त्वाची बाब म्हणजे तारेचा धातू. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या अनेक केबलींमध्ये तार तांब्याची नसून तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि वेष्टनावर ती बाब ‘सीसीए’ या तीन अक्षरांत उरकलेली असते. अशा तारेचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती वारंवार वाकवल्यास तुटते, आणि मुलामा निघालेल्या जागी ओल लागली की लवकर झिजते. इथरनेट केबलिंगच्या प्रमाणित मानकांत ती बसत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे: तारेचे टोक ब्लेडने खरवडावे, आतून रुपेरी रंग दिसला तर ती केबल परत करावी. भिंतीतून आणि पाइपातून जाणारी तार एकसंध, म्हणजे एकाच जाड धाग्याची असावी. अनेक बारीक धाग्यांची लवचीक केबल ही केवळ टोकाच्या लहान जोडकेबलींसाठी असते.

त्यानंतर बाहेरचे आवरण. घरातल्या केबलीचे पांढरे किंवा राखाडी पीव्हीसी आवरण उन्हातील अतिनील किरणांनी कडक होते, त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून पाणी आत जाते. बाहेरच्या वापरासाठीच्या केबलीचे आवरण पॉलिइथिलिनचे असते आणि त्यात काजळीसारखा काळा कार्बन मिसळलेला असल्यामुळे ते ऊन सोसते. जमिनीखालून जाणाऱ्या केबलीत याशिवाय तारांभोवती चिकट जेल भरलेले असते, त्यामुळे आवरणाला कोठे भोक पडले तरी पाणी आतल्या आत पसरत नाही. हे जेल टोके बसवताना हातांना आणि हत्यारांना चिकटून भलताच त्रास देते, म्हणून जेथे केबल जमिनीखाली जाणार नाही तेथे जेलची केबल घेण्याचा हट्ट धरू नये.

विजेचा हिशेब

पीओईची मूळ मानक पद्धत २००३ सालची असून तिच्यात स्विचच्या प्रत्येक पोर्टमधून १५.४ वॅट वीज निघते आणि केबलमधील घट धरून कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोहोचणे अपेक्षित असते. २००९ सालच्या सुधारित पद्धतीत हे आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. एका जागी स्थिर राहणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला पहिली पद्धत पुरते. फिरणाऱ्या किंवा आत हीटर असलेल्या कॅमेऱ्याला दुसरी लागू शकते. स्विच निवडताना पोर्टांची संख्या पाहिली जाते, परंतु एकूण वॅट पाहायचे राहून जातात. आठ पोर्टांच्या स्विचची एकूण क्षमता ६० वॅट असेल आणि प्रत्येक कॅमेरा रात्री, अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर, ९ वॅट घेत असेल, तर सातवा आणि आठवा कॅमेरा दिवसा चालतील आणि अंधार पडताच बंद पडतील. मानकाप्रमाणे कॅमेऱ्याशी आधी बोलणी न करता केबलीत सरळ वीज सोडणारे ‘पॅसिव्ह’ इंजेक्टरही मिळतात. त्यांचा व्होल्टेज कॅमेऱ्याला चालतो याची खात्री नसेल, तर ते वापरू नयेत.

आधीपासून कोॲक्सियल केबलवर (टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलवर) चालणारे कॅमेरे असतील आणि त्यांना १२ व्होल्टची वीज वेगळ्या वायरीतून दिली जात असेल, तर वायरीची जाडी हिशेबाने घ्यावी. समजा कॅमेरा ३० मीटर दूर आहे आणि वायर ०.५ चौरस मिलिमीटरची आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तार ६० मीटर धरावी लागते आणि तिचा रोध सुमारे २.१ ओहम भरतो. दिवसा कॅमेरा ०.४ अँपिअर घेत असेल तर घट ०.८ व्होल्टची होते आणि त्याला ११.२ व्होल्ट मिळतात, ते चालून जाते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून प्रवाह १ अँपिअरवर गेला की घट २.१ व्होल्ट होते आणि कॅमेऱ्याला दहा व्होल्टही मिळत नाहीत. रोज संध्याकाळी कॅमेरा पुन्हापुन्हा बंद-सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. त्याच अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट पाऊण व्होल्टच्याही आत राहते. पीओईमध्ये व्होल्टेज ४८ च्या आसपास असल्याने तितकीच वीज चौथाई प्रवाहात जाते, आणि पूर्ण १०० मीटर तांब्याच्या केबलीतही १२ वॅटच्या कॅमेऱ्यासाठी घट दोन-अडीच व्होल्टच राहते.

पाइप आणि ओढकाम

उघड्यावरची केबल शक्यतो पाइपातून न्यावी. पाइप ऊन अडवतो, उंदरांचे दात अडवतो आणि पुढे केबल बदलायची वेळ आली तर मार्ग तयार असतो. पाइप ठासून भरू नये. त्याच्या आतील क्षेत्रफळाचा ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग केबलींनी व्यापू नये हा रूढ नियम आहे. आतून २१ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात ६ मिलिमीटर जाडीच्या चार केबली या नियमात बसतात, पाचवी बसत नाही. हाताने रेटून पाचवीही आत जाते, हे खरे. पण ती ओढताना आधीच्या चौघींचे आवरण सोलले जाते.

पीव्हीसी पाइप उन्हाने वाढतो, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. दहा मीटरच्या सरळ पाइपाचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी दीड ते दोन सेंटिमीटरने वाढते. म्हणून लांब सरळ मार्गावर क्लॅम्प पाइपाला आवळून न धरता सरकू देणारे असावेत आणि मध्ये प्रसरणासाठी सैल जोड द्यावा. अन्यथा पाइप धनुष्यासारखा वाकतो किंवा बॉक्सपाशी निखळतो. पाइपाच्या खालच्या टोकाशी पाणी साचू नये म्हणून सर्वांत खोल जागी लहान छिद्र ठेवावे. बंद वाटणाऱ्या पाइपातही हवेतील बाष्प रात्री थंड होऊन पाणी धरते. ते पाणी अडवता येत नाही, त्याला केवळ वाट करून देता येते.

ओढताना जोर बेताचा असावा. चार जोड्यांच्या इथरनेट केबलीवर ११० न्यूटन, म्हणजे साधारण ११ किलो वजनाएवढाच ताण द्यावा. त्याहून जास्त ओढल्यास आतल्या पिळलेल्या जोड्यांचा पीळ बिघडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वळण केबलीच्या व्यासाच्या किमान चौपट त्रिज्येचे, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून कमी नसावे. केबलीबरोबर एक नायलॉनची दोरीही पाइपात ओढून तशीच सोडावी. पुढची केबल त्या दोरीने विनासायास ओढता येते.

घरातील विजेच्या तारांबरोबर ही केबल एकाच पाइपात कधीही घालू नये. समांतर जावे लागले तर किमान २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि ओलांडायचे असेल तेथे काटकोनात ओलांडावे. पाइप नसेल तेथे केबल बांधताना ऊन सोसणारे काळे पट्टेच वापरावेत आणि ते बोटाने केबल हलवता येईल इतकेच आवळावेत.

भिंतीतले भोक

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ द्यावा असा भाग हा आहे.

भोक पाडण्यापूर्वी भिंतीच्या त्या भागात विजेची वायर किंवा पाण्याचा नळ नाही, याची भिंतीतील वायर-नळ शोधणाऱ्या यंत्राने खात्री करावी आणि तेथील विजेचा पुरवठा बंद करावा. भोक आतून बाहेर पाडले तर घरातील जागा नेमकी साधते, मात्र बाहेरच्या बाजूचा गिलावा सुटू शकतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला ड्रिलची आघातक्रिया बंद करून हलक्या हाताने काम करावे. महत्त्वाची बाब म्हणजे उतार. भोक घराच्या आतील बाजूला वर आणि बाहेरच्या बाजूला खाली असे ५ ते १० अंश तिरके असावे, म्हणजे आत शिरलेले पाणीही बाहेरच घसरेल. आडवे भोक वाऱ्याच्या पावसात पाणी पिते, आणि उलट्या उताराचे भोक तर पन्हळीचेच काम करते. भोकात प्लास्टिकची नळी बसवावी. तिच्यामुळे केबल विटेच्या धारेवर घासत नाही.

बाहेर पडलेली केबल थेट वर किंवा आडवी नेऊ नये. ती आधी भोकाच्या पातळीखाली पंधरा-वीस सेंटिमीटर उतरवावी आणि मग वळवून हव्या त्या दिशेला न्यावी. केबलीवरून वाहत आलेले पाणी या झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडते. झोळ नसेल तर ते केबलीच्या पाठीवर बसून सरळ भोकात जाते. हाच नियम कॅमेऱ्याच्या बॉक्सलाही लागू आहे. एवढी साधी युक्ती असूनही ती सर्वाधिक वगळली जाते, कारण सरळ ताणलेली केबल दिसायला नीटनेटकी वाटते.

भोक बुजवताना बाहेरच्या बाजूने बाह्य वापराचे सिलिकॉन किंवा केबलींसाठीची न सुकणारी लांबी (पुटी) भरावी. फुगणारा फोम उघड्यावर टिकत नाही. उन्हाने त्याचा भुगा होतो. पुढे केबल बदलण्याची शक्यता असेल, तर पुटी श्रेयस्कर, कारण ती बोटांनी काढता येते.

कॅमेऱ्याशी जोड

कॅमेऱ्याच्या मागून निघणारे हातभर लांबीचे शेपूट आणि त्याच्या टोकाचा जोड उघड्यावर लोंबत ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. कॅमेऱ्याच्या बुडाशी मिळेल असा जंक्शन बॉक्स घ्यावा आणि सर्व जोड त्यात ठेवावेत. बॉक्सचा दर्जा किमान आयपी ६६ असावा. पहिला ६ धूळ पूर्ण अडते असे सांगतो आणि दुसरा ६ जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण दाखवतो. परंतु हा दर्जा बॉक्सला नीट बसवलेल्या ग्लँडसह (केबलीभोवती घट्ट बसणाऱ्या जलरोधक बुचासह) मिळालेला असतो; केबलीपेक्षा मोठ्या भोकातून ती तशीच आत घातली तर त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. केबलीचा प्रवेश खालच्या बाजूने असावा, आणि वरचे किंवा बाजूचे न वापरलेले प्रत्येक छिद्र बुचाने बंद करावे.

बऱ्याच कॅमेऱ्यांबरोबर जोडावर बसवायचे जलरोधक आवरण मिळते: एक नट, एक रबरी कडी आणि एक दंडगोल. हे तिन्ही भाग केबलीवर आधी ओवायचे असतात आणि प्लग नंतर क्रिम्प करायचा, म्हणजे हत्याराने दाबून बसवायचा असतो. शिडीवर उभे राहून प्लग बसवल्यावर हे लक्षात आले, की तो कापून पुन्हा बसवावा लागतो. मी स्वतः हे एकदा नव्हे, तीनदा केले आहे; तेव्हापासून प्लग हातात घेण्यापूर्वी नट केबलीवर आहे की नाही हे मोठ्याने विचारतो.

पिनांवर विद्युतरोधी ग्रीसचा पातळ थर द्यावा. बॉक्स बसवणे शक्यच नसेल, तर जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, अर्धी अर्धी एकमेकींवर येईल अशी, खालून वर गुंडाळावी, म्हणजे तिच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर बसतात. साधी विजेची टेप काही महिन्यांत सुटते आणि तोवर आत शिरलेले पाणी धरून ठेवते. कापलेले टोक उघडे राहिल्यास पाणी आवरणाच्या आतून तारांच्या फटीफटीने उतारावर प्रवास करते आणि थेट घरातील स्विचच्या पोर्टमध्ये निघते. वरकरणी कोरड्या दिसणाऱ्या भिंतीआड स्विच गंजण्याचे हे एक कारण आहे.

सुरक्षेचा एक मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. हाताच्या उंचीवर उघडी असलेली नेटवर्क केबल म्हणजे घरच्या नेटवर्कचे रस्त्यावर ठेवलेले दार होय. केबल कॅमेऱ्याच्या अगदी मागून भिंतीतून यावी, कॅमेरा सुमारे तीन मीटर उंच असावा, आणि कॅमेऱ्यांचे नेटवर्क घरातील संगणकांपासून वेगळे ठेवावे.

जमिनीखालून आणि दुसऱ्या इमारतीकडे

खणण्यापूर्वी जमिनीखाली वायू, पाणी किंवा विजेची वाहिनी आहे का, हे संबंधित सेवांकडून विचारून घ्यावे. खोलीबाबत ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात आणि तेच पाळावेत. कुदळ आणि फावडे यांपासून बचाव व्हावा म्हणून ४५ सेंटिमीटरपेक्षा वर राहू नये, असे मी मानतो. केबल जमिनीत घालण्यायोग्य असली तरी तिला पाइप द्यावा, खाली-वर बारीक माती किंवा वाळू पसरावी, आणि चर अर्धा भरल्यावर रंगीत इशारापट्टी टाकावी. चर बुजवण्यापूर्वी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत. पाच वर्षांनी झाड लावताना त्यांचे मोल कळते.

केबल स्वतंत्र इमारतीकडे जात असेल, तर तांब्याऐवजी फायबर (प्रकाशाने संदेश नेणारी काचेच्या तंतूची केबल) वापरावे. जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तांब्याची केबल तो फरक भरून काढणारी वाट बनते. फायबरमधून वीज वाहतच नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारे मीडिया कन्व्हर्टर किंवा फायबरचे पोर्ट असलेले स्विच लागतात आणि पलीकडच्या कॅमेऱ्यांना वीज तेथूनच द्यावी लागते. तांबेच वापरायचे असेल, तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला व्होल्टेज जमिनीत वळवणारे उपकरण) बसवून ते आखूड, जाड तारेने अर्थिंगला जोडावेत. अर्थिंगला न जोडलेला सर्ज प्रोटेक्टर म्हणजे रिकामी डबी असते, आणि थेट कोसळलेल्या विजेपुढे जोडलेलाही टिकेलच असे नाही.

टोके आणि चाचणी

दोन्ही टोकांना रंगांचा एकच क्रम ठेवावा. टी-५६८-बी हा प्रचलित क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोडीचा पीळ प्लगपाशी १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये आणि केबलीचे बाहेरचे आवरण प्लगच्या आत दाबले गेलेले असावे, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येते. प्लग एकसंध तारेसाठीचाच घ्यावा.

कॅमेरा भिंतीवर चढवण्यापूर्वी तो टेबलावर लहान केबलीने चालवून पाहावा आणि त्याची सेटिंग तेथेच पूर्ण करावी. नंतर टाकलेली प्रत्येक केबल नेटवर्क केबलच्या टेस्टरने तपासावी. आठही दिवे क्रमाने लागले म्हणजे तारा जुळल्या एवढेच सिद्ध होते. म्हणून त्याच केबलीच्या टोकाला, शिडी न चढता, कॅमेरा जोडून तो पूर्ण भारावर तासभर चालवावा आणि भिंग झाकून किंवा खोली अंधारी करून इन्फ्रारेड दिवे लावून पाहावेत. शिडी लावताना दर चार मीटर उंचीला तिचा पाया भिंतीपासून एक मीटर दूर असावा, आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांजवळ धातूची शिडी नेऊ नये.

दोन्ही टोकांना केबलीचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा आणि तोच आराखड्यावर नोंदवावा. पहिल्या जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी एक जंक्शन बॉक्स उघडून आत बोट फिरवावे. बोटाला ओल लागली, तर बॉक्सला आणखी सिलिकॉन फासण्यापूर्वी पाणी कोणत्या वाटेने आले हे शोधावे. ग्लँड, केबलीचा झोळ आणि वरचे बुच या क्रमाने पाहिले असता ती वाट बहुधा सापडते.